दोन रेघा

माणसाने आयुष्यात ढिलेपणा खपवून घेऊ नये, हे माझं तत्त्व. ते मी फक्त धातू कोरायच्या मिलिंग मशीनला लावू शकलो, कारण घरात दुसरं कुणी माझं ऐकत नाही.

हे छोटं मशीन मी हौसेने घेतलं आणि मागच्या खोलीत बसवलं. धाकटा भाऊ गप्पा मारायला यायचा आणि मशीनच्या टेबलावर कोपर टेकायचा. मापाच्या डायलचा काटा लगेच दोन रेघा सरकायचा.

"कोपर काढ! मशीन आहे, गॅलरीचा कठडा नाही."

"दादा, दोन रेघांनी काय जग बुडतंय?"

एकदा मी भडकलो. "पुन्हा टेकलास, तर या घरात पाऊल ठेवू नकोस."

आयुष्यात त्याने माझं एवढं एकच ऐकलं. दोन वर्षं तो आला नाही. मग तो गेला; येण्यासारखा उरलाच नाही.

या महिन्यात मी टेबल सरकवणाऱ्या स्क्रूचा झिजलेला नट बदलला, टेबलाखालच्या पट्ट्या आवळल्या, मशीन जमिनीला जखडलं. टेबलावर सगळं अंग टाकलं, तरी काटा ढिम्म.

बायको दारातून म्हणाली, "झालं समाधान? आता कुणी हलवणार नाही हो तुमचं मशीन." आणि निघून गेली.

मशीन बंद होतं. मी हात पुसत लांब उभा होतो. काटा सावकाश दोन रेघा सरकला आणि तिथेच थांबला. टेबलावरच्या तेलात कोपराएवढी जागा कोरडी होत गेली.

माफी मागायला मी तोंड उघडलं.

"आलाच आहेस," मी म्हणालो, "तर तो दहाचा पाना दे."