दुसऱ्या गिअरमधली व्हॅन

वैजयंताची ऑटोमॅटिक व्हॅन तीन महिने दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नव्हती. तिला ते जाणवलंही नव्हतं. नवरा म्हणाला म्हणून ती गाडी मुजावरांच्या गॅरेजमध्ये घेऊन आली.

मुजावरांनी गिअरबॉक्सचं ऑइल तपासलं, कॉम्प्युटर जोडून पाहिला, मग स्वतः एक फेरी मारून आले. गाडी अलगद चौथ्या गिअरमध्ये गेली. वैजयंता चालवायला बसली, तर गाडी पुन्हा दुसऱ्यातच अडकली.

"ताई, गाडीत बिघाड नाही," ते जपून म्हणाले. "या स्टिअरिंगला तळहातावरून कळतं, चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर आहे की नाही. नसेल तर गिअर वर चढत नाही. घरी काही झालंय का?"

"तीन महिन्यांपूर्वी धाकटी लेक गेली. तापाने," वैजयंता म्हणाली. भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

मुजावरांनी हात पुसले. "सेन्सर दहा मिनिटांत बंद करता येतो. मग गाडी पळेल. पण तुम्हाला आवरणारं कुणी राहणार नाही."

मोठीला रोज शाळेत सोडायचं होतं. वैजयंताने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं.

"नका बंद करू," ती म्हणाली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "मला घरी सोडा."

घरी ती दाराच्या पायरीवरच बसली. नवऱ्याने विचारलं, "काय निघालं?"

"गाडी ठीक आहे. मीच ठीक नाही," ती म्हणाली. "उद्यापासून मोठीला तुम्ही सोडा."

तीन महिन्यांत ती त्याच्याशी एवढं बोलली नव्हती. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला.