दारातली पायरी

प्लंबरनं पाइपसाठी आमच्या दारातली पायरी पहारीनं उलटली आणि तो तसाच उभा राहिला. "वहिनी, जरा इकडे या. हा थडग्यावरचा दगड दिसतोय."

दगडाच्या खालच्या अंगाला इंग्रजी अक्षरं होती. मातीत तोंड घालून राहिल्यामुळे काल कोरल्यासारखी ताजी. मी ओल्या फडक्यानं पुसून वाचलं. शार्लट. वय चार वर्षं. खाली आईबापांची नावं आणि दीडशे वर्षांपूर्वीचं साल.

सासूबाईंनी दारातून वाकून पाहिलं. मुंबईतली आमची ही बैठी चाळ बांधताना इथं पडलेले सपाट दगड सगळ्यांनी पायरीला घेतले, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. लग्न होऊन आल्यापासून त्या रोज सकाळी पायरी धुऊन तिच्यावर रांगोळी काढत होत्या, हळदकुंकू वाहत होत्या.

"पोरीच्या पाठीवर," त्या हळूच म्हणाल्या.

"परत पालथा घालू का?" प्लंबरनं विचारलं.

"नको. तुळशीशेजारी उभा कर."

"आणि तुमचे गुडघे?" मी म्हटलं. "पायरीशिवाय चढाल कशा?"

"तू हात दे."

शेजारणी आपापल्या पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. एकेक जण हळूच घरात सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना हात धरून खाली उतरवलं. गल्लीत एकाही दाराला पायरी नव्हती. भिंतींना टेकून दगड उभे होते, आणि प्रत्येक नावापुढे रांगोळी होती.