कुरळी विचारते

"गॅस मंद ठेवा. आणि हात थांबवू नका, नाहीतर जवस तळाला बसतात," काकू म्हणाल्या.

स्वयंपाकघरात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि काकू त्याच्याशी बोलत होत्या. पातेल्यातलं पाणी अंड्यातल्या पांढऱ्यासारखं दाट होत आलं होतं. त्यांनी चमचा वर उचलला. लांब तार सुटली.

"ही अशी तार दिसली की गॅस बंद. लगेच गाळायचं. गार झालं की फडक्यातून उतरत नाही, मग बसा पिळत."

बोटं भाजत त्यांनी ते मलमलच्या फडक्यातून पिळून काढलं, कोरफडीचा गर घातला, बदामाच्या तेलाचे थेंब सोडले आणि बाटली भरली. कुरळ्या केसांसाठी घरगुती जेल तयार. काकूंचे स्वतःचे केस मात्र सुतासारखे सरळ. त्यांचीही आता उंदराच्या शेपटीएवढी वेणी उरली होती.

कुरळे केस होते लेकीचे. तिच्या लहानपणी काकू त्यांना तेल चोपडून ते करकचून बांधायच्या. पाहुण्यांसमोर तिला 'झिपरी' म्हणून हसायच्या. मोठी झाल्यावर लेक घर सोडून गेली. भांडण झालं होतं भलत्याच गोष्टीवरून, पण दारातून बाहेर पडताना ती बोलली ते केसांबद्दलच.

"माझे केससुद्धा तुला कधी आवडले नाहीत, आई. मी कुठून आवडणार?"

त्यानंतर आईला फोन नाही की काही नाही. वाढदिवसाला बापाच्या मोबाइलवर दोन ओळी यायच्या, तेवढ्याच.

घरात उरले काका. पंप दुरुस्तीचं काम सोडल्यापासून ते बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून मोबाइलवर पत्ते खेळायचे. डोक्याला टक्कल आणि तोंडाला कुलूप. "वाढलंय." "हं." "भाजी खारट झाली का?" "नाही." एवढ्यावर दिवस निघायचा. घर फारच गप्प झालं की काकू भांडी जरा जोरात आपटायच्या.

व्हिडिओचं खूळ तळमजल्यावरच्या शिवणवालीनं डोक्यात घातलं. "काकू, बोला की फोनशी. निदान तो मध्येच उठून तरी जात नाही."

बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण पहिल्याच व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'जेल ओल्या केसांना लावायचं की सुकलेल्या?' खाली नाव होतं, 'कुरळी'.

काकूंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी तेवढ्या उत्तरासाठी अख्खा व्हिडिओ केला. कुरळी मग विचारतच राहिली. बाटली किती दिवस टिकते? वाऱ्यावर केस पिंजारतात, काय करू? काकू शिवणवालीच्या पुतणीला समोर बसवून तिची एकेक बट बोटाभोवती गुंडाळून दाखवू लागल्या, अगदी हलक्या हातानं. इतक्या हलक्या हातानं त्यांनी लेकीच्या केसांना कधी हात लावला नव्हता.

एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कुरळे, जेवलीस का गं?" आणि मग थांबवेना. "बाळा, तूच आहेस ना?"

दिवसभर उत्तर आलं नाही. काकू घडीघडी मोबाइल उघडून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोनच शब्द आले होते. 'हो आई.'

त्या मोबाइल छातीशी धरून बाहेरच्या खोलीत धावल्या. "अहो, बोलली! आपली लेक बोलली माझ्याशी!"

काकांनी चष्मा काढून पुसला. "चांगलं झालं," म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. पोटच्या पोरीची खबर आणली, तर माणूस गॅलरीत जाऊन उभा राहतो!

त्या आठवड्यात काकूंनी पातेलं चढवलंच नाही. फोनसमोर नुसत्या बसल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. तुझे केस छान होते गं. मलाच ते विंचरता आले नाहीत."

खाली उत्तर आलं, 'झालं गेलं. तू वाईट नव्हतीस कधीच. गुडघा शेकतेस ना?'

गुडघ्याचं दुखणं अलीकडचं. काकू डोळे पुसत हसल्या. व्हिडिओत लंगडताना दिसले असणार. लेकीच्या नजरेतून सुटतंय होय काही! 'फोन करू का?' त्यांनी विचारलं. 'नको. इथंच बरं,' कुरळीनं कळवलं.

पण काकूंना राहवेना. एका दुपारी ताजी बाटली भरली, ओट्यावर ठेवली आणि नंबर लावला.

"कोण बोलतंय?"

"अगं, मी. आई."

पलीकडून घाईनं, "बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तुला बाटली पाठवायचीय, पत्ता विचारायला केला."

"कसली बाटली?"

"जेलची गं. एवढं विचारत असतेस की."

"मी? मी काहीच विचारलेलं नाही."

"व्हिडिओखाली लिहितेस ना? बाळा, चेष्टा नको करूस."

"कसले व्हिडिओ, आई? मला खरंच माहीत नाही." तिचा आवाज उतरला. "माझ्या नावानं कुणीतरी फसवतंय तुला. काही मागितलं तर देऊ नकोस. कामात आहे मी, ठेवते."

फोन बंद झाला. काकू ओट्याला धरून उभ्या राहिल्या. कुणी परक्यानं चालवलेली ही थट्टा, आणि आपण त्याच्यापुढे रडलो, माफी मागितली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागे पावलं वाजली. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ताटावर बसायचं सोडून इतर वेळी ते इकडे कधी फिरकत नसत. त्यांनी घसा खाकरला.

"ते 'हो आई' मी लिहायला नको होतं."