झाकण

सुनेच्या मनात सकाळपासून पाल चुकचुकत होती. जन्मभर ड्रायव्हरकी केलेले सासरे कुणाला पुढे जाऊ देतील तर शपथ. आज मात्र अख्खा घाट एका बसचं शेपूट धरून चढले होते. “बाबांना नीट दिसतंय ना?” तिने नवऱ्याला विचारलं. “तुझं आपलं काहीतरीच!” घाटमाथ्यावर गाडी थांबली. समोर कड्यावर रानबकऱ्या चरत होत्या. सासऱ्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. “आजोबा, दिसल्या?” नातीने विचारलं. “हो तर! पिल्लंसुद्धा आहेत गं!” सुनेने वळून पाहिलं. दुर्बिणीची झाकणं जशीच्या तशी बसलेली होती. “बाबा, उतरताना गाडी मी चालवते. किल्ली द्या.” “का? माझ्यावर भरवसा नाही?” “आहे हो. पण हिला प्राणी कोण दाखवणार?” त्यांनी किल्ली पुढे केली, तिच्या हातापासून वीतभर बाजूला. तिने हळूच हात किल्लीखाली सरकवला.