दुसरी सही

कागदावर दोन सह्या होत्या. पहिली गायिकेची, निळ्या शाईतली, ऐसपैस. दुसरी काळ्या शाईतली, पाय घसरल्यासारखी. तिच्यापुढे नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, मावसबहीण.

तपासनिसांनी चष्मा कपाळावर चढवला. गाण्यांच्या तबकड्या छापायच्या त्या कारखान्यात त्यांचा एकच हट्ट होता. नमुन्याची तबकडी गाणाऱ्यानं घरी न्यायची, स्वतः ऐकायची आणि आणखी कुणाला तरी ऐकवायची. दोघांच्या सह्या आल्याशिवाय पुढच्या तीनशे निघायच्या नाहीत. गाणाऱ्याला आपण काय गायलो तेच ऐकू येतं, तबकडीत काय उमटलंय ते नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी आपला तो बाब्या!

"काय म्हणाली बहीण?" त्यांनी समोर बसलेल्या गायिकेला विचारलं.

"छान आहे म्हणाली."

"एवढंच?"

"ती कमीच बोलते, काका."

बाकी सगळं गायिकेनं एकटीनं केलं होतं. शब्द तिचे, चाल तिची, गिटार तिची. मागे साथीला ऐकू येणारे दोन आवाजही तिचेच, एकावर एक चढवलेले. अडलं होतं ते या सहीपाशी. चार दिवस ती मनातल्या मनात माणसं चाळत राहिली. ज्यांना फोन करता आला असता, त्यांना आधी 'इतकी वर्षं कुठे होतीस' याचं उत्तर द्यावं लागलं असतं. शेवटी तिनं पेन डाव्या हातात धरलं.

तपासनिसांनी पाकिटातून तबकडी काढून सुई ठेवली. गाण्याची पहिली ओळ झाली आणि त्यांनी सुई उचलली.

"ताई, लेबलावर काय लिहिलंय, वाचा जरा."

तिनं वाचलं. लेबलावर नाव एका गाण्याचं होतं, वाजलं होतं पलीकडच्या बाजूचं.

"लेबलं उलटी लागलीत. चूक आमची," ते म्हणाले. "तुम्ही कशाला लेबल वाचाल? दोन्ही गाणी तुमचीच. पण दुसऱ्या कुणी ऐकली असती ना, तर पहिलं हेच विचारलं असतं, की नाव एक आणि गाणं भलतंच कसं?"

पितळ उघडं पडलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मावसबहीण खरीच आहे," ती म्हणाली. "मी तिला बोलावलं नाही, एवढंच." मग खालच्या आवाजात, "बोलावलं असतं आणि आली नसती तर?"

तपासनिसांनी दुसरी सही एका रेघेत खोडली. उठून दार लावलं, तशी बाहेरच्या यंत्रांची धडधड कमी झाली. मग सुई पुन्हा काठावर ठेवली आणि हाताची घडी घालून खुर्चीत बसले.

साडेतीन मिनिटं ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी मान डोलावली नाही की पायानं ताल धरला नाही. एकदा नाक तेवढं खाजवलं. आपलं गाणं ऐकणारं माणूस तिनं याआधी कधी समोर बघितलंच नव्हतं. तिला एकदम रडू येईल असं वाटलं.

गाणं संपलं. सुई मधल्या कोऱ्या भागात फिरत राहिली.

"छपाई चांगली आहे. खरखर नाही," ते म्हणाले आणि सहीसाठी पेन उघडलं. मग थोडे चाचरले. "गाण्याबद्दल बोललं तर चालेल?"

"बोला ना."

"दुसऱ्या कडव्यात मला कंटाळा आला."

तिनं आपली खुर्ची पुढे ओढली, पार त्यांच्या गुडघ्यांना लागेपर्यंत.

"कुठे आला?" ती म्हणाली. "नेमका कुठल्या ओळीला? थांबा, परत लावते. आला की हात वर करा."