मशीनला आलेला संशय

न चावता गिळता येईल असे सूप. भाड्याने मिळणारी चाकांची खाट. दर अर्ध्या तासाला घरी फोन.

वर्षभर लोवेलच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर हेच शोध आणि हेच फोन चाललेले, म्हणून अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या त्याच्या विमा कंपनीतले पाळत ठेवणारे मशीन हीच त्याची रीत धरून बसले. माणसाची रीत बदलली की त्याच्या नावाने चोर शिरला असे समजायचे, एवढेच त्याला शिकवलेले. सोमवारी लोवेलच्या नावापुढे लाल खूण उमटली.

सुरक्षा विभागातली टमीका त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"एकही फोन नाही, दिवसभर नुसतं काम! मशीन म्हणतंय, हा लोवेल नव्हेच. बढती हवीय की काय रे?"

"मीच आहे," तो म्हणाला.

"सुधारलास बाबा!" हसत तिने 'धोका नाही' अशी नोंद केली.



त्याच्या बायकोला, आयरीनला, शनिवारी पुरले होते.