बोटांची मोजणी

“वार आणि गाव पहिल्या ओळीत घाल. लोक तेवढंच वाचतात आणि पेपराची घडी करतात.”

सोपानराव हे रोज सांगायचे. ते मिनल ओव्हाळचे वृत्तसंपादक होते. पेपराची पिंपरी आवृत्ती बंद पडली, त्यालाही आता पाच वर्षं झाली. मिनल हल्ली बातम्या मिळवत नव्हती, बनवत होती. पुनावळ्यातल्या एका फ्लॅटमधून तिची ‘आजची थाप’ ही वेबसाइट चालायची. सगळ्या बातम्या खोट्या, आणि खोट्या आहेत म्हणूनच लोक वाचायचे. सवय तेवढी जुनी राहिली होती. थापेच्याही पहिल्या ओळीत वार आणि गाव असायचं.

मागच्या शुक्रवारची थाप अशी होती : येत्या मंगळवारी निघोज्यातल्या कारखान्यांत सरकारी पथक येणार आणि पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवरच्या प्रत्येक कामगाराची बोटं मोजणार. खाली शेवटची ओळ होती : कमी भरलेली बोटं मालकाच्या हातातून वळती करून घेतली जातील. हसायचं ते तिथं. पण कुणीतरी वरच्याच भागाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर सोडला. त्यात मंगळवार होता, निघोजे होतं, मिनलचं नाव होतं. वेबसाइटचं नाव आणि शेवटची ओळ कापली गेली होती.

मंगळवार येऊन गेला. आज गुरुवार होता.

“चार वर्कशॉपवाल्यांचे फोन आले,” गणराज म्हणाला. तो तिचा भागीदार. “पथक किती वाजता येणार, विचारतायत. उद्याचा आयटम तयार आहे. ‘निघोजे अजून वाट बघतंय.’ लोक हसून पडतील राव.”

“टाक,” मिनल म्हणाली.

बेल वाजली. दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. उजवा हात पदराखाली होता. मिनलनं तिला लगेच ओळखलं नाही.

“मी विमल. निघोज्याची. दवाखान्यात आला होता तुमी, सहा वर्सं झाली. तवा दापोडीचा पत्ता दिला व्हता. तुमच्या आईनं हिकडं धाडलं.”

तिनं चहा नको म्हटलं. गुरुवारचा उपास होता. पाणी घेतलं, तेही डाव्या हातानं. कारखान्याला आज सुट्टी, म्हणून दोन बस बदलून आले, असं म्हणाली.

“ताई, पथक कवा येनार?”

गणराजनं तोंडावर हात धरला आणि खिडकीकडे वळला.

“तुम्हाला का हवंय पथक?” मिनलनं विचारलं.

विमलबाई सावकाश सांगू लागली. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच मशीन खाली येतं. म्हणजे हात आत राहत नाही. पण माल जास्त निघावा म्हणून एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवतात. तिची दोन बोटं तशीच गेली. आता त्याच मशीनवर तिची सून अंजली उभी राहते.

“तुमची बातमी फिरली आन् सोमवारी मालकानं सगळ्या पट्ट्या काढल्या. अंजली तीन दिस दोन्ही हातांनी बटण दाबती. पन मालक म्हनला, पुढच्या मंगळवारपातूर बघू. पथक न्हाई आलं तर पट्टी परत लावा.”

मिनल म्हणाली, “मावशी, पथक नाही. ती बातमी मी गमतीनं लिहिली होती.”

“गमतीनं?”

“आता मी तसंच लिहिते. खोटं. लोकांना हसायला.”

विमलबाईनं गणराजकडे पाहिलं, मग परत मिनलकडे. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही.

“आमच्या हितं समदे म्हनत होते, व्हॉट्सॲपवरचं खरं नसतं. मीच सांगितलं, हिचं हाय तर खरं असंल. तवा कंपनीच्या कागदावर एकच बोट लिवलं व्हतं. तुमी माझ्या हाताची मलमपट्टी सोडायला लावली नर्सला. सोता मोजलं. पेपरात दोन लिवलं. मंग त्यास्नी कागद बदलावा लागला.”

मिनलला ती खाट आठवली. चार ओळींची बातमी होती, पाचव्या पानावर. त्यानंतर तिनं शेकडो थापा लिहिल्या. ‘तुमचं खरं धरलं’ असं त्यांच्याबद्दल आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

“माझं चुकलं, मावशी.”

“चुकलं कसं? पट्टी तर निघाली की.” विमलबाई उठली. पेला तिनं स्वतःच ओट्यावर नेऊन ठेवला. दाराशी थांबून तिनं विचारलं, अगदी साधेपणानं, बस कुठली धरू असं विचारावं तसं, “मंग आता मोजायला कोन येनार?”

गणराज आता हसत नव्हता.

“मंगळवारी येते,” मिनल म्हणाली.

विमलबाई जिना उतरून गेली. गणराज लॅपटॉपशी बसला. “आयटमचं काय करू?”

“काढ.”

“मग उद्या काय टाकायचं?”

“काही नको. परवाचं परवा बघू.”

मंगळवारी आठची शिफ्ट सुरू व्हायच्या आत पोचायचं होतं. मिनलनं सव्वासहाला स्कूटी बाहेर काढली. डिकीत पाण्याची बाटली होती आणि एक नवी वही. वहीच्या पहिल्या पानावर तिनं तीन रकाने आखले होते : नाव, डावा हात, उजवा हात.